‘समदं हुतंय की’ म्हणणाऱ्या आजीचं नेमकं काय होतंय, ते कसं बघायचं

माझी आई लग्न झाल्यापासून अंबाडा घालायची. एका दिवाळीला माहेरी गेले तर केस मानेपर्यंत कापलेले. “बरं पडतं गं, धुवायला सोपं.” मी म्हटलं, छान दिसतंय. पुढच्या वर्षी साडी जाऊन गाऊन आला. तेही मला बरंच वाटलं, म्हटलं आई सुटसुटीत झाली. मग देवपूजा खाली पाटावरून ओट्यावर गेली. तेव्हाही मी कौतुकच केलं, उभ्यानं पूजा केली की गुडघ्यांना त्रास नाही. चौथ्या वर्षी ती मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर घालताना ती सिस्टरला सांगत होती, “हात तीन वर्षं झाली वर जातच नाही, नाहीतर कडी धरली असती की.”

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कराडच्या आसपासच्या गावांत स्कूटरवरून घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना व्यायाम शिकवते, त्याचे पैसे घेते. आणि माझ्या आईचा खांदा धरलाय हे मला प्लास्टरच्या खोलीत कळलं.

तेव्हापासून मी आजीबाईंना तपासते ती पद्धत पुष्कळ बदलली. लेकी, सुना, नाती फोन करून विचारतात की घरच्या घरी कसं बघायचं, म्हणून लिहून काढतेय. सामान फार लागत नाही. मोबाईलमधलं घड्याळ, मोजायची टेप, पाठ सरळ असलेली खुर्ची आणि एक वही. सगळं एका दिवसात उरकायचं नाही, तीन-चार सकाळी लागतील. आणि आधी तिला सांगा की हे बघायचंय. चोरून बघितलं की कळतं तिला, आणि मग दोन दिवस ती नाटक करते.

‘येतं का?’ असं विचारू नका

“आजी, आंघोळ करता येते का?” याला जगात एकच उत्तर आहे. “येती की! समदं हुतंय माझं.” यात खोटेपणा नाही. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांचं केलं, तिला स्वतःचं होत नाही असं म्हणणं म्हणजे घरातली जागा सोडण्यासारखं वाटतं. म्हणून मी कालचा दिवस विचारते. काल पाणी कुणी काढलं? बादली मोरीत कुणी नेली? बसून केली की उभ्यानं? पाठ कुणी चोळली? उठताना काय धरलं? मग हळूच, मागच्या आषाढात पण असंच करत होता का?

सगळी मेख त्या शेवटच्या प्रश्नात आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला लिंडा फ्रीड या डॉक्टरीणबाईंच्या गटानं सत्तरीतल्या बायकांचा बराच काळ पाठपुरावा केला. ‘मला काही अडचण नाही’ म्हणणाऱ्यांतही एक गट सापडला. चालणं, जिने चढणं चालू होतं, पण करायची रीत बदलली होती किंवा किती वेळा करायचं ते कमी झालं होतं. पुढच्या दीड वर्षात खरी अडचण येण्याचं प्रमाण या बायकांत बरंच जास्त निघालं. २००० साली हे छापून आलं. मी ते कॉलेजात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. आईचा अंबाडा मात्र दिसला नाही.

तेव्हा वहीत प्रत्येक कामापुढे ‘होतं / होत नाही’ असे दोन रकाने करू नका. कसं होतं, ते एका वाक्यात लिहा. ‘साडी नेसते, पण निऱ्या पलंगावर बसून घालते.’ बास.

विचारताना खोलीत कोण आहे, यावरही उत्तर ठरतं. मुलगा समोर असला की आजी ठणठणीत असते. सून समोर असली की काही घरांत जास्त आजारी होते, काही घरांत एकदम बरी. मी सुनेला चहा टाकायला सांगते. बिचाऱ्यांना वाटतं बाई फार चहाबाज आहे.

आणखी एक. ‘करत नाही’ आणि ‘करता येत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका घरी मुलगा अभिमानानं म्हणाला, “आईला आम्ही काडी उचलू देत नाही.” आजी खाली मान घालून बसलेल्या. मी म्हटलं, काकू, मला एक भाकरी थापून दाखवा. दोन वर्षांनी परातीला हात लावला त्यांनी. पहिली फाटली, दुसरी चंद्रासारखी गोल. त्या घरात हात-पाय थकले नव्हते, सवय मोडली होती. पण तीही वेळेत धरली नाही तर पुढं खरंच थकतात.

सहा कामं, आपल्या घरातली

सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ मध्ये सहा गोष्टींची यादी प्रसिद्ध केली. आंघोळ, कपडे, संडास, उठून एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण. एकेकाला एक गुण, सहापैकी सहा म्हणजे स्वतःचं स्वतः करणारी. अजूनही सगळीकडे हीच वापरतात. पण ती अमेरिकेतली, तिथं टब आणि कमोड गृहीत धरलेला. आपल्याला ती आपल्या मोरीत आणून बसवावी लागते.

कपड्यांपासून सुरू करा, कारण तिथं सगळ्यात आधी कळतं. नऊवारी नेसायला काय लागतं बघा. उभं राहून तोल, कमरेत वाकणं, पायांतून मागं हात नेऊन काष्टा ओढणं, बोटांनी निऱ्या धरणं आणि खोचताना पोट आत घेऊन जोर. ज्या आजी रोज ताठ नेसतात त्यांची निम्मी तपासणी माझ्या दृष्टीनं तिथंच झाली. सहावारीत परकराची नाडी बघा. गाठ मारता येते की इलॅस्टिक घातलंय? ब्लाऊजचे हुक कोण लावतं? बाही घालताना आधी कुठला हात? दुखरा हात नेहमी आधी जातो. आणि केस. वेणी, अंबाडा, नुसता क्लिप, मग कापलेले. हा उतार जिथं दिसेल तिथं खांदा वर उचलून बघायला सांगा. गाऊन घालणं वाईट असं मी म्हणत नाही, मीही घालते. पण ‘का घालायला लागलीस’ हे विचारायचं.

आंघोळीत तांब्या. भरलेला तांब्या डोक्यावर नेता येतो की खांद्यापर्यंतच? पायाच्या बोटांमधली जागा धुता येते का? नखं कोण कापतं? पायाची नखं वाढलेली दिसली की समजा वाकणं गेलं किंवा दिसणं गेलं. मोरीत जाताना उंबरा ओलांडते तेव्हा हात कुठं टेकते ते बघा. भिंतीवर त्या उंचीला तेलकट डाग पडलेला असतो. मी नव्या घरात गेले की आधी भिंती बघते. संडासच्या दारापाशी, पलंगाशेजारी, देवघराच्या चौकटीला असे डाग असले तर आजीनं तोंडानं काही न सांगता सगळं सांगितलेलं असतं.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर बसण्यापेक्षा उठणं महत्त्वाचं. नळ धरून उठते? बादलीवर हात टेकून? बादली कलंडली तर? हे बघता येत नाही, विचारावंच लागतं. किंवा बाहेर, कोरड्या जमिनीवर, एखादं भक्कम टेबल शेजारी ठेवून ‘तिथं कशी उठता तशी उठून दाखवा’ म्हणायचं.

लघवीचं मी दार लावून, एकटीलाच विचारते. मुलासमोर तर कधीच नाही. “खोकलं, शिंकलं की थेंब जातात का?” असा साधा प्रश्न. बहुतेक जणी आधी नाही म्हणतात, मग म्हणतात, “म्हणून तर मी एस्टीत बसायच्या आधी पाणी पीत न्हाई.” लग्नाला न जाणं, कीर्तनाला शेवटी दाराजवळ बसणं, दोनदा लुगडं बदलणं ही सगळी याचीच रूपं. ‘अंग बाहेर येतं’ (गर्भाशय खाली सरकतं) असंही काही जणी सांगतात, आणि वीस-वीस वर्षं सोसलेलं असतं. पाणी कमी पिऊन चक्कर, चक्कर येऊन पडणं असं ते पुढं जातं. यावर उपाय आहेत. व्यायाम आहेत, आत बसवायची आधाराची रिंग असते, शस्त्रक्रिया असते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. ‘वय झालं’ म्हणून सोडू नका.

जेवणाबद्दल फार लिहायला नको. हात थरथरतो का, घास गिळताना ठसका लागतो का, दात आहेत का, एवढं बघा. त्याहून मी बांगड्या बघते. मनगटावरच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या, ब्लाऊजला दोनदा आतून टीप मारावी लागली, तर वजन उतरतंय. काटा नंतर आणा.

भाकरी, एस्टी आणि पिशवीतल्या गोळ्या

त्या सहा कामांच्या वरची पायरी लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांनी १९६९ मध्ये मांडली. फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैसे. गंमत म्हणजे त्या काळी पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुण्याचे गुणच धरत नसत. बायकांना आठही. आमच्याकडे उलटी अडचण आहे. पुष्कळ आजींनी बँकेत कधी पाऊल टाकलेलं नाही, तेव्हा ‘पैशांचा व्यवहार करत नाही’ हे थकल्याचं लक्षण नाहीच. जे कधी केलंच नाही ते मोजायचं नाही. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांतल्या, शाळा न पाहिलेल्या वृद्धांसाठी मुद्दाम वेगळी प्रश्नावली केली गेली होती, ती याच कारणानं.

माझी आवडती परीक्षा भाकरी. पीठ डब्यातून काढणं, उकळतं पाणी ओतणं, मळताना तळहाताचा जोर, थापताना खांदा आणि मनगट, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवणं, ती फुगेपर्यंत लक्ष ठेवणं. ताकद, तोल, बोटं, नजर, डोकं, सगळं एका भाकरीत. बदल कुठं दिसतो? भाकरी लहान होते. मळताना कोपर ओट्याला टेकतं. पाच भाकऱ्यांनंतर बसावं लागतं. उलथन्याशिवाय परतायची ती आता उलथनं शोधते. आणि करपायला लागली, एकदा नव्हे, वारंवार, तर हातांबरोबर नजर आणि विसराळूपणाही बघायला हवा.

प्रवासात एस्टीची पहिली पायरी. पंचाहत्तरीच्या वर तिकीट लागत नाही, बायकांना एरवी निम्मं. तरी एक काकू गेलं वर्षभर माहेरी गेल्या नव्हत्या. “तिकीट माफ केलं सरकारनं, पायरी कोण माफ करणार?” घरातली सगळ्यात उंच पायरी शोधा, शेजारी उभं राहून चढायला सांगा. कुठला पाय आधी टाकते आणि हात कशाला धरते, ते लिहा.

गोळ्यांची पिशवी पलंगावर ओता. कुठली कधी, हे तिच्याकडूनच ऐका. “ही गुलाबी सकाळची” चालतं, पण दुकानदारानं कंपनी बदलली की गुलाबी पांढरी होते, तेव्हा काय करते ते विचारा.

घड्याळ लावून

आता आकडे. हे करण्याआधी पोट फार भरलेलं नको, चष्मा असेल तो डोळ्यांवर, पायांत रोजची चप्पल किंवा अनवाणी, गाऊन जमिनीवर लोळत असेल तर वर खोचलेला. छातीत दुखतं, दम लागतो, नुकतंच हाड मोडलंय किंवा ऑपरेशन झालंय, अशांना हे घरी करायला लावू नका. तुम्ही हातभर अंतरावर उभ्या राहा, धरू नका.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको, ती मागं सरकते आणि आजी खाली. बैठकीची उंची सतरा इंच साधारण. दोन्ही हात छातीवर घडी. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, तीस सेकंदांत किती वेळा होतं ते मोजा. हात टेकवावा लागला तर शून्य लिहायचं, दया दाखवायची नाही. बायकांसाठी अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राचे आकडे असे आहेत: ६५ ते ६९ वयाला ११ पेक्षा कमी, ७० ते ७९ ला १० पेक्षा कमी, ८० ते ८४ ला ९ पेक्षा कमी, ८५ ते ८९ ला ८ पेक्षा कमी झालं तर पडायचा धोका जास्त धरतात. माझ्या अनुभवात आमच्या शेतात राबलेल्या आजी बाराच्या वर सहज जातात, आणि शहरात नातवाकडे राहून आलेल्या सातावर थांबतात.

दुसरी, उठून चालून येणं. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूची रेघ मारा. बसल्या जागेवरून उठायचं, रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी वापरत असेल तर काठीसकट. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर काळजीची गोष्ट. वेळेइतकंच वळणं बघा. एका दमात वळते की सहा-सात बारीक पावलं टाकत? आणि नेहमीच्या चालीनं चाला म्हणून बजावून सांगा. एकदा ओसरीवर शेजारणी जमल्या, मोठ्यानं आकडे मोजायला लागल्या, आणि ७८ वर्षांच्या आक्का चक्क पळाल्या. आठ सेकंद! तो आकडा मी खोडला. पुन्हा एकदा, शेजारणी गेल्यावर, चौदा.

तिसरी, तोल. ओट्याजवळ उभं करा. आधी पाय जुळवून दहा सेकंद. मग एक पाय अर्धा पुढं. मग टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवून, एका रेषेत. शेवटी एका पायावर. एका रेषेतलं उभं राहणं दहा सेकंद जमलं नाही तर पडण्याचा धोका मानायचा. एका पायाचं जमलं नाही म्हणून घाबरू नका.

चौथी माझी स्वतःची म्हणा. जमिनीवर बसून उठणं. ब्राझीलमध्ये यावर दहा गुणांची चाचणी केलीय, हात किंवा गुडघा टेकला की एकेक गुण वजा. मी गुण देत नाही. आपल्याकडे ती चाचणी नाही, जगणं आहे. हळदीकुंकवाला खाली बसायचं, पंगतीत बसायचं, निवडायला सूप घेऊन बसायचं. कुठला हात टेकला, कुठला गुडघा आधी, किती वेळ ओणवं राहिली, उठल्यावर दोन क्षण काही धरलं का, एवढं लिहा. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर हे अजिबात करायला सांगू नका.

हाताची पकड मोजायचं यंत्र असतं. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये बायकांसाठी १८ किलोच्या खाली म्हणजे कमी असं ठरवलं. घरी यंत्र नसतं. ओला टॉवेल पिळायला द्या आणि नंतर तुम्ही पिळा. किती पाणी निघालं? कुकरचं झाकण, लोणच्याची बरणी. याला आकडा नाही, पण पुढच्या वेळी तुलना करता येते.

रक्तदाबाचं यंत्र घरी असेल तर पाच मिनिटं झोपवून एकदा आणि उभं केल्यावर एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना सांगा. रात्री लघवीला उठल्यावर पडणाऱ्या बायकांत हे मी बऱ्याचदा पाहते. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

वहीचं काय करायचं

तीन महिन्यांनी तीच खुर्ची, तीच जागा, तीच वेळ घेऊन पुन्हा. एकदाच काढलेला आकडा फार बोलत नाही.

पण काही गोष्टींना तीन महिने थांबायचं नाही. चार दिवसांपूर्वी चालणारी आजी आज उठेना, किंवा एकदम असंबद्ध बोलायला लागली, तर ते म्हातारपण नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग असेल, रक्तातलं सोडियम उतरलं असेल, नवी गोळी असेल, अर्धांगाचा झटका असेल. त्याच दिवशी दवाखाना. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोबडं बोलणं असेल तर तासाचाही उशीर नको. वर्षात दोनदा पडली, हात टेकल्याशिवाय उठताच येत नाही, वजन उतरतंय, ही पण लवकर दाखवायची कारणं. डॉक्टरांकडे वही घेऊन जा. ‘आईला अशक्तपणा आहे’ म्हणालात तर टॉनिक मिळेल. ‘मार्चमध्ये अकरा वेळा उठत होती, आता सहा’ म्हणालात तर डॉक्टर खुर्ची पुढं ओढतात.

घरात लगेच करण्यासारखं थोडं आहे. मोरीत आणि संडासात भिंतीला पक्की दांडी, नळाच्या भरवशावर नको. रात्रीचा दिवा. कडेला वळलेलं पायपुसणं फेकून द्या. आणि तिचं काम काढून घेऊ नका, सोपं करा. पाच भाकऱ्या होत नसतील तर दोन तिच्या, तीन तुमच्या.

आईचं मनगट जुळलं. खांद्याचे व्यायाम मी करून घेतले, ती माझ्याशी भांडली, तरी केले. केस पुन्हा वाढवले नाहीत तिनं. परवा गेले तर माझ्या मुलीला पुढ्यात बसवून तिची वेणी घालत होती. दोन्ही हात खांद्याच्या वर गेले होते. डावं कोपर तेवढं कपाटाला टेकलेलं होतं. मी काही बोलले नाही, आत जाऊन वहीत तारीख टाकून लिहिलं.